चोणकासाठी बकटेलची पहिली फ्लाय बांधताना

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बाहेर पाऊस कोसळतोय, गोव्याची मांडवी नदी गढूळ. फ्लाय, म्हणजे गळावर केस बांधून केलेलं नकली आमिष, बांधायला शिकायचं असेल तर हेच दिवस, कारण चवथ (गणेश चतुर्थी) होऊन पाणी निवळायला लागलं की खिशात चोणकासाठी (बारामुंडी, खाडीतला शिकारी मासा) आपल्या हातच्या पाच-सहा फ्लाय असल्या पाहिजेत.

बकटेल म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. लांब, किंचित वळणदार, आणि भिजले तरी एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, दोरी ओढली की मिटतात आणि थांबलं की परत फुलतात, माशाला ते जिवंत पिल्लासारखं दिसतं. रंगवलेली अख्खी शेपटी फ्लायचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते आणि एका शेपटीत डझनांनी फ्लाय होतात. पण आपल्या रानातल्या सांबराचे, चितळाचे केस कुणी फुकट दिले तरी घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि मुळात त्या जनावराच्या जिवावर आपला छंद नको. बकटेल नाहीच मिळालं तर बकरीचे लांब पांढरे केस शाम्पूने धुऊन सुकवून वापरा. थोडे मऊ पडतात पण शिकायला उत्तम.

पहिली फ्लाय क्लाउझर मिनोच बांधा. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने १९८७ मध्ये सस्क्वेहाना नदीतल्या बास माशासाठी ती केली, गोड्या पाण्याची फ्लाय खाऱ्या पाण्यात जगभर चालली. डोळे, केस, थोडी चमक, बस. डंबेलसारखे जड डोळे गळाच्या दांड्याच्या वरच्या अंगाला बांधले की पाण्यात गळ उलटा होतो, टोक आभाळाकडे. आपल्याकडे खारफुटीच्या मुळांत आणि मानशीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, दगडांवरच्या कालवांत गळ अडकून किती सामान जातं ते गरी टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे हा उलटेपणा आपल्या फार कामाचा.

सामान: गळ धरायला व्हाईस, दोऱ्याचं बॉबिन, बारीक टोकाची चांगली कात्री, २१० डेनियरचा दोरा, खाऱ्या पाण्यात लवकर न गंजणारे १/० नंबरचे गळ, डोळे, चमकीच्या पट्ट्या, फेविक्विक आणि पारदर्शक नेलपॉलिश. कात्रीवर पैसे वाचवू नका, बाकी साधं चालतं.

केसांना हात लावायच्या आधी एक संध्याकाळ नुसता दोरा गुंडाळा. नेढ्यापासून बाकापर्यंत, परत उलटा, आणि मुद्दाम ओढून ओढून तो तुटेपर्यंत बघा, चार-पाच वेळा तुटला की बोटांना कळतं कुठवर ताणायचं. बांधताना कायम त्या हद्दीच्या जरा अलीकडे राहायचं. सैल दोऱ्याची फ्लाय पहिल्या माशालाच सुटते.

आता फ्लाय. दांड्यावर दोऱ्याचा थर द्या, नाहीतर सगळं गोल फिरतं. नेढ्यापासून दांड्याच्या साधारण एक तृतीयांशावर डोळे ठेवा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तिरके वेढे, मग डोळ्यांच्या खाली दांड्याभोवती सपाट वेढे, आणि फेविक्विकचा एक थेंब. बोटाने डोळे हलवून बघा, हलले तर पुढे जाऊ नका, सोडून परत बांधा.

पांढरे केस शेपटीच्या टोकाकडच्या दोन तृतीयांशातले घ्या. बुडाकडचे पोकळ असतात, दोरा आवळला की छत्रीसारखे पसरतात. किती घ्यायचे? काडीपेटीतल्या काडीएवढे जाड, त्याहून जास्त नाही. शेंडे धरून बुडातली बारीक लव आणि तोकडे केस विंचरून काढा, शेंडे मात्र मुद्दाम एकसारखे करू नका, खालीवर असले की शेपूट आपोआप निमुळती होते. डोळ्यांच्या पुढे केस चिमटीत धरून आधी दोन सैल वेढे, मग सावकाश आवळायचं, म्हणजे केस दांड्याभोवती फिरत नाहीत. मग ते दोन डोळ्यांच्या मधून मागे नेऊन डोळ्यांच्या लगेच मागे चार-पाच हलके वेढे. गळ व्हाईसमध्ये उलटा करा, चमकीच्या तीन-चार पट्ट्या, त्यावर हिरवट-पिवळे किंवा ऑलिव्ह केस तेवढेच बारीक, हे फक्त डोळ्यांच्या पुढेच बांधायचे, मागे नाही. बुडं तिरकी कापा, दोऱ्याने डोकं झाका, नेढं मोकळं ठेवा, व्हिप फिनिश (दोऱ्याची शेवटची गाठ) जमत नसेल तर चार हाफ हिच (साध्या अर्ध्या गाठी), वर नेलपॉलिशचे दोन हात. केसांची लांबी दांड्याच्या अडीचपट धरा, सात-आठ सेंटीमीटरचं पिल्लू तयार होतं.

केसांच्या मापाचं मी परत सांगतो कारण सगळं तिथेच बिघडतं. टेबलावर बारीक फ्लाय दरिद्री वाटते आणि हात आपोआप अजून केस घेतो. पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या फ्लाय भरगच्च होत्या, मानशीच्या तोंडाशी उभा राहून मी तासन् तास टाकायचो, त्या खाली जातच नव्हत्या, आणि शेजारी एक काका जिवंत सुंगटावर (कोळंबीवर) चोणक काढत होते. त्यांनीच माझी फ्लाय ओली करून प्रकाशात धरली आणि म्हणाले, बाबा ह्याच्यातून पलीकडचं काय दिसत नाही, पिल्लातून तर उजेड आरपार जातो. घरी येऊन निम्मे केस कापून टाकले. तेव्हापासून प्रत्येक फ्लाय ओली करून खिडकीशी धरतो, उजेड आला पाहिजे.

मग बालदीत ओढून बघा. आडवी पडली तर एका बाजूचा डोळा सरकलाय, फिरली तर केस एकीकडे जास्त झालेत.

रंगासाठी ओहोटीच्या वेळी मानशीवर जा. दार उघडून खाजनातलं (बांधाआडच्या खाऱ्या जमिनीतलं) पाणी बाहेर धावतं, त्याबरोबर शेवट्याची (मुलेट माशाची) पिल्लं आणि सुंगटं येतात आणि चोणक सावलीत थांबलेला असतो. पिल्लं बोटाएवढी असली तर फ्लाय बोटाएवढी. पाणी गढूळ असेल तर भडक, निवळ असेल तर ऑलिव्ह-पांढरं. चोणकाच्या गालाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून फ्लायच्या पुढे शॉक लीडर, म्हणजे घासून न तुटणारा जाड दोरीचा तुकडा, हवाच. फ्लायचा रॉड नसेल तर हेच केस ७ ग्रॅमच्या जिगहेडवर (जड डोकं असलेल्या गळावर) बांधा, साध्या स्पिनिंग रॉडने जातं.

घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खळबळून पंख्याखाली पूर्ण सुकवायच्या, ओल्या डबीत ठेवल्या तर गळ गंजतो आणि गंज केसांना लागतो. केस झडलेली फ्लाय टाकू नका, ब्लेडने दोरा कापून डोळे काढून घ्या, गळाचं टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर कानशीने धार लावा आणि त्याच गळावर परत बांधा.