परदेशातल्या हौशी साँगरायटिंग स्पर्धेत आपलं गाणं कसं पाठवायचं

घरी पेटी नाहीतर गिटार घेऊन स्वतःच्या चाली लावत बसणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि सगळ्यांच्या वहीत एकच दुखणं, मुखडा झालेला असतो, अंतरा कधीच होत नाही. माझंही वर्षानुवर्षं तेच होतं. अशा लोकांसाठी ऑनलाइन स्पर्धा आहेत हे मला फार उशिरा कळलं म्हणून हे नीट लिहून ठेवतोय. इथे एक विषय मिळतो, एक तारीख मिळते, आणि त्या तारखेला गाणं पूर्ण करून द्यावंच लागतं.

ज्या स्पर्धा मला खरंच आवडतात त्या सांगतो. साँग फाइट २००० साली सुरू झाली, तिथे फक्त गाण्याचं नाव देतात, त्या नावाचं गाणं तुम्ही लिहायचं, रेकॉर्ड करायचं, पाठवायचं, मग ऐकणारे मत देतात. बक्षीस वगैरे काही नाही. नुर आइन म्हणून त्याच मंडळींची वार्षिक स्पर्धा आहे (जर्मनमधे 'फक्त एक'), तिच्यात नावासोबत एक अटही असते आणि दर राउंडला लोक बाहेर पडत जातात. स्पिनट्यून्स २०१० पासून, त्याआधीच्या मास्टर्स ऑफ साँग फू नावाच्या स्पर्धेच्या धर्तीवर. तिथे दर राउंडला चॅलेंज, परीक्षक सगळ्या गाण्यांना क्रमांक लावतात, खालचे बाहेर. पण बाहेर पडलात किंवा नाव नोंदवायचं राहिलं तरी 'शॅडो' म्हणून गाणं देता येतं, ते स्पर्धेत धरत नाहीत पण सगळे ऐकतात. पहिल्यांदा करणाऱ्याने शॅडोनेच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. (मोठी फी घेऊन भरणाऱ्या स्पर्धा वेगळ्या, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाहीये.)

चॅलेंज आलं की लगेच पेटीवर बसू नका. आधी ते चार वेळा वाचा, आणि त्यात काय मागितलंय ते एका वाक्यात मराठीत लिहून समोर चिकटवा. कारण परीक्षक पहिलं हेच बघतात, मागितलं ते गाण्यात ऐकू येतंय का. समजा अट अशी आहे की गाणं एखाद्या वस्तूच्या तोंडून हवं, आणि तुम्ही सुंदर विरहगीत लिहून त्यात एका ओळीत छत्री आणलीत, तर चाल कितीही गोड असू दे, क्रमांक खालीच जाणार. किमान लांबी दिली असेल, २ मिनिटं वगैरे, तर तीही त्याच कागदावर लिहा. मग दहा कल्पना काढा, पहिल्या तीन सरळ खोडा, कारण त्या बाकी सगळ्यांनाही सुचलेल्या असतात.

आपल्याकडे शास्त्रीय थोडंफार शिकलेल्यांना काही चॅलेंज फार सोपी जातात हे लक्षात घ्या. विषम ठेक्याचं गाणं मागितलं की तिकडचे लोक बोटं मोजत बसतात, आपण तिं तिं ना, धिं ना, धिं ना म्हणत रूपक धरला की ७ ची मीटर हातात आली, झपताल धरला की १०. गाण्यात मधेच 'की', म्हणजे पट्टी, बदला म्हटलं तर षड्ज बदलून बघायची सवय कामी येते. फक्त मागे गिटार किंवा पियानोचे कॉर्ड्स लावणार असाल तर चाल आधी कॉर्ड्सवर गाऊन बघा, तानपुऱ्यावर छान वाटणारी जागा कॉर्डखाली आली की कधी कधी अगदी बेसूर लागते.

आता भाषा. मराठीतच लिहायचं असेल तर आधी नियम बघा, आणि पाठवताना शब्दांसोबत ओळीओळीचा इंग्रजी अर्थ द्या, परीक्षकांना शब्द कळलेच नाहीत तर शब्दांचे मार्क कुठून देणार. इंग्रजीत लिहिणार असाल तर आपली सगळ्यात मोठी अडचण व्याकरणाची नाही, जोराची आहे. मराठीत आपण मात्रा मोजतो, लघु गुरू बसले की ओळ बसली. इंग्रजीत शब्दाच्या ठराविक भागावर जोर असतो आणि तो भाग समेवर, म्हणजे ठेक्याच्या जड मात्रेवर यावा लागतो. हॉटेल हा शब्द आपण 'हॉ'वर जोर देऊन म्हणतो, त्यांचा जोर 'टेल'वर. पोलीसमधे जोर 'लीस'वर, गिटारमधे 'टार'वर, डेव्हलपमधे मधल्या भागावर. माझ्या पहिल्या गाण्यावर एकाने लिहिलं होतं की चाल आवडली पण शब्द तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळले, आणि मला वाटलं उच्चार चुकले असतील, तर नाही, जोर सगळे उलट्या जागी पडले होते. तेव्हापासून मी प्रत्येक ओळ आधी नुसती बोलतो, बोलताना मांडीवर टाळी देतो, जिथे टाळी आपोआप पडते तिथेच चालीतली जड मात्रा ठेवतो. शंका आली तर डिक्शनरीत त्या शब्दाचा उच्चार ऐका, प्रत्येकच शब्दाचा ऐकलात तरी वेळ वाया जात नाही.

चाल आधी की शब्द आधी यावर वाद घालू नका, ध्रुवपदाची एक ओळ शब्द आणि चाल मिळून एकदम आली पाहिजे, बाकीचं तिच्याभोवती बांधता येतं. दोन अंतरे झाले की तिसऱ्यात तीच गोष्ट परत सांगू नका, काहीतरी बदललं पाहिजे, वेळ, जागा, नाहीतर बोलणारा माणूस. आठवडा असेल तर निम्मे दिवस लिहिण्यात आणि निम्मे रेकॉर्डिंगला. रेकॉर्डिंगला नेहमी वाटतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

रेकॉर्डिंगला महागडं काही लागत नाही. ऑडेसिटी हे कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फुकट आहे, बँडलॅब फोनवर चालतं, आयफोनवाल्यांना गॅरेजबँड आहेच. पंखा बंद, फ्रीजपासून लांब, फोन फ्लाइट मोडवर, कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा, पाठीमागे गोधडी टांगा, खोलीचा घुमारा बराच कमी होतो. तोंड माइकपासून एक वीत, आणि थोडं तिरकं, म्हणजे प-फ-भ चा फटका बसत नाही. क्लिक, म्हणजे ठेका धरायला लावलेली टिकटिक, हेडफोनमधेच ऐका, स्पीकरवर ठेवलीत तर ती आवाजात घुसते आणि नंतर काढता येत नाही. लेव्हल साधारण उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, लाल दिवा लागला की तो टेक गेला समजा. मिक्स करताना माझा एकच हट्ट असतो, शब्द कळले पाहिजेत, त्यासाठी बाकीची वाद्यं खाली आणावी लागली तरी आणा. शेवटी पूर्ण गाण्याचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं एकूण किती मोठ्याने ऐकू येतं त्याचं माप) जवळपास ठेवलंत तरी पुरेसं आहे.

ऑडेसिटीत 'सेव्ह' केलं की फक्त प्रोजेक्ट सेव्ह होतो, एमपीथ्री हवी तर एक्सपोर्ट करावं लागतं, आणि ती फाइल परत पूर्ण ऐकूनच पाठवा, हेडफोनवर आणि एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर.

वेळेचं गणित काळजीपूर्वक करा. मुदत बऱ्याचदा अमेरिकेच्या ईस्टर्न टाइमने असते. तिथले रविवारी रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ९:२९, पण हे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतच, बाकीच्या महिन्यांत १०:२९. आपण तरी रविवारी रात्री जेवणाआधीच पाठवून मोकळं व्हावं, सोमवारी सकाळी ऑफिसच्या गडबडीत अपलोड अडकलं तर काही हातात राहत नाही.

चाल स्वतःचीच हवी हे वेगळं सांगायला नको, पण आपल्याकडे जुन्या नाट्यपदाच्या चालीवर नवे शब्द बसवायची सवय असते, ती इथे अजिबात चालत नाही. गाण्याचा हक्क भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने निर्मितीबरोबरच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, तरी पाठवताना तुम्ही कशाला परवानगी देताय ते अटींमधे वाचा.

पाठवून झालं की संपलं असं नाही. स्पिनट्यून्समधे सगळी गाणी एकत्र ऐकायची लिसनिंग पार्टी होते, आपल्या वेळेने ती अडनिड्या तासाला आली तरी एकदा तरी जागून बसा. अनोळखी माणसं, कुणी टोरोंटोतलं, कुणी लंडनमधलं, तुमचं गाणं पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकतात, ओळ आवडली तर तीच ओळ परत लिहून दाखवतात, हे सुख मला घरच्या मैफलीतही फार कमी मिळालंय. आणि आपणही सगळ्यांची गाणी ऐकायची, प्रत्येकाला दोन वाक्यं लिहायची, 'छान' एवढंच नको, कुठली जागा आवडली, कुठे शब्द कळले नाहीत. परीक्षकाने कमी क्रमांक दिला तर उत्तर देत बसू नका, शेरा कॉपी करून ठेवा आणि आठवड्याने वाचा.

पुढची स्पर्धा सुरू व्हायला वेळ असेल तर १ फेब्रुवारीची वाट बघा, त्या दिवशी फॉम (फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ) सुरू होतं, २००४ पासून चालू आहे, फेब्रुवारीच्या २८ दिवसांत १४ गाणी. स्पर्धा नाही, कुणी बाहेर पडत नाही. ते चुकलंच तर ४ जुलैपासून ९० दिवसांत ५० गाण्यांचं फिफ्टी-नाइंटी असतं, तिथे वहीतले जुने मुखडे काढा आणि रोज एकाचा अंतरा करून टाका.