समुपदेशकाच्या खोलीतली रेघ: ती कशी सरकते, आणि सरकली तर काय करायचं

समुपदेशनात अंगाला हात लावायची गरज पडत नाही. दोन खुर्च्या, ठरलेली वेळ, ठरलेली फी, साधारण पाऊण तास बोलणं, एवढंच. मानसोपचारतज्ज्ञ बीपी पाहील, हाताला कंप आहे का पाहील. त्यापुढची तपासणी असेल तर खोलीत नर्स किंवा घरची बाई हवीच. दार लोटलेलं चालेल, आतून कडी नको.

रेघ म्हणजे समुपदेशक आणि पेशंट यांच्यातली मर्यादा. ती एका दिवसात ओलांडली जात नाही, बोटभर-बोटभर सरकते. आधी समुपदेशक म्हणतो, "तुमचा नंबर शेवटी ठेवू, निवांत बोलता येईल." मग शेवटची एसटी निघून जाते आणि "मी गाडीवर सोडून देतो." फी "कापूस विकल्यावर पाहू." रात्री अकराला मेसेज, "झोपल्या का?" पुढे तो स्वतःच्या संसाराची रडगाणी सांगू लागतो. फी सोडणं चांगुलपणानंही होतं. पण "हे घरी सांगू नका" हे वाक्य आलं की तिथं परत जाऊ नका. आठवडी बाजारात किंवा लग्नात गाठ पडणं मात्र गैर नाही, लहान गावात ते टळत नाही.

ज्याच्यापाशी मन मोकळं केलं त्याच्याबद्दल ओढ वाटणं उपचारात नेहमीचं आहे. त्यात पेशंटचा काहीही दोष नाही. ती ओढ बोलण्यातून हाताळणं त्याचं काम. "तिचीही इच्छा होती" ही सबब चालत नाही: दवाखान्यातल्या माणसानं पदाचा गैरफायदा घेऊन तिथल्या बाईशी शरीरसंबंध ठेवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 मध्ये 5 ते 10 वर्षांची सक्तमजुरी आहे. मुलगी 18 च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, तिथं संमतीचा प्रश्नच नाही.

असं काही घडलं तर त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, कोण बाहेर बसलं होतं, त्याचे शब्द जसेच्या तसे. मेसेज पुसू नका. घरात फोन एकच असेल तर स्क्रीनशॉट विश्वासातल्या बाईच्या फोनवर पाठवून ठेवा. बळजबरी झाली असेल तर अंघोळ न करता लगेच सरकारी दवाखान्यात जा, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो.

घरच्यांनी "तवाच काऊन नाही सांगितलं?" हा प्रश्न कृपा करून विचारू नये. त्याला मारायला जाणं किंवा गावात बैठक बसवून मिटवणं, दोन्हीनं पोरीचं नाव गावभर होतं आणि तो सावध होऊन मेसेज पुसतो.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आडवी येत नाही. जबाब महिला अधिकारी घेते. तातडीला 112, महिलांसाठी 181. वकील मोफत हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषद यांच्याकडे वेगळी तक्रार करा. नुसती "समुपदेशक" पाटी लावणारा दोन्हीकडे नोंदलेला नसू शकतो, म्हणून पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक मागा.

गोळ्या चालू असतील तर रागाच्या भरात एकदम बंद करू नका. झोप उडते, त्रास उलटतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचाराचे कागद मागायचा हक्क दिला आहे. ते घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जा. तोवर बोलायला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत.