सिटी ऑफ ड्रीम्सचा पहिला सीझन घरच्यांसोबत कसा बघायचा

आमच्या इंदूरच्या घरात राजकारणाची सिरीज लागली की सगळे एकदम बोलतात, म्हणून पोहे-जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा मसाला) सकाळीच उरकून घ्या आणि मग बसा. पहिला सीझन २०१९ चा, १० एपिसोड, थेट दुसऱ्यावर उडी मारू नका हं. राजकारणी अमेयराव गायकवाड गोळी लागून कोमात जातात आणि त्यांची मुलं पौर्णिमा नि आशिष, सख्खे बहीण-भाऊ, खुर्चीसाठी भिडतात, इथेच कोण कोणाकडे ते कागदावर लिहा, नाहीतर आई दर पाच मिनिटांनी विचारणार, "हा कोणाच्या पार्टीतला गं?" पौर्णिमा झालेल्या प्रिया बापटचा चेहरा बघत रहा, डायलॉगपेक्षा तिथे जास्त कळतं. सचिन पिळगावकरांचा जगदीश गुरव बघताना तर काकांनी जिरावणाची वाटीच सोफ्यावर सांडली! शेवटचा एपिसोड सराफ्याला, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायच्या आधी लावू नका, भूकच मरते.