चालता चालता विचार करण्याचा सराव

माझी आई ७८ व्या वर्षी घरभर नीट चालत असे, परंतु चालताना कोणी काही विचारले की ती जागीच थांबे, उत्तर देई आणि मगच पुढचे पाऊल टाके. ही सवय आम्ही कधी मनावर घेतली नाही. स्वीडनमधील संशोधकांनी मात्र १९९७ साली नेमके हेच टिपले होते: निवासी केंद्रातील ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबत होते आणि त्यांपैकी १० जण पुढील ६ महिन्यांत पडले.

तरुणपणी चालणे आपोआप घडते. वयानुसार तळपायांची संवेदना, नजर आणि मांड्यांची ताकद कमी होते, तेव्हा मेंदूला प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते आणि इतर विचारांसाठी फारसे लक्ष उरत नाही. म्हणून केवळ फेऱ्या मारणे किंवा केवळ शब्दकोडी सोडवणे पुरेसे नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचा सराव हवा.

आधी मोजणी करावी. खुर्चीतून उठून ३ मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे आणि लागलेले सेकंद वहीत लिहावेत. मग १०० मधून तीन-तीन वजा करत तीच फेरी पुन्हा करावी. साध्या फेरीलाच १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, अलीकडे पडणे झाले असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना अथवा फिजिओथेरपिस्टना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुरुवात बसूनच करावी. खुर्चीत ताठ बसून आळीपाळीने पाय उचलत मोठ्याने आकडे मोजावेत आणि दर तिसऱ्या आकड्याला टाळी वाजवावी. जपानमधील ओबू येथील राष्ट्रीय वृद्धारोग्य केंद्राने ‘कॉग्निसाइझ’ या नावाने असेच व्यायाम बसवले आहेत. त्यात थोडे चुकणे अपेक्षितच असते; टाळी बिनचूक पडू लागली की आकडा बदलावा. हे जमल्यावर ओट्याला धरून उभ्याने जागच्या जागी पावले टाकावीत आणि त्यानंतरच मोकळ्या, कोरड्या जागेत चालावे. सोबत्याने बाजूला, किंचित मागे राहावे. उत्तर चुकले तरी चालेल, पाऊल चुकता कामा नये, हे आधीच सांगून ठेवावे. जिन्यावर, ओल्या न्हाणीघरात किंवा रस्ता ओलांडताना हा सराव कधीही करू नये.

प्रश्न निवडताना आमची एक चूक झाली. आम्ही आईला पाढे म्हणायला सांगितले, आणि तिने पावकी-निमकीसुद्धा न अडखळता म्हटली, कारण शाळेतले ते पाठांतर तिच्या जिभेवर होते. त्यात विचार करण्याजोगे काही नव्हतेच. मग फाल्गुनापासून उलटे महिने विचारले. फाल्गुन, माघ झाले; पौषापाशी तिची पावले मंदावली, पण थांबली नाहीत. सराव हवा तो एवढ्याच कठीणतेचा. आमटीला लागणारे जिन्नस उलट्या क्रमाने सांगणे किंवा ‘क’ने सुरू होणाऱ्या भाज्या आठवणे हेही चालते.

ताल साथीला असेल तर उत्तमच. जिनिव्हा येथे ६५ वर्षांवरील १३४ जणांवर झालेल्या अभ्यासात पियानोच्या तालावर पावले बदलण्याचा वर्ग आठवड्यातून एक तास, सहा महिने घेतल्यावर पडण्याचे प्रमाण घटले. ज्यांना भजनाची सवय आहे त्यांनी उडी टाळून, टाळाच्या लयीबरोबर बदलणारी साधी पावली घरी करून पाहावी.

दररोज १०-१५ मिनिटे पुरेशी आहेत, मात्र आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायामही हवेत. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे हा त्यांतला सर्वांत उपयोगी. महिन्याने दोन्ही फेऱ्या पुन्हा मोजाव्यात आणि त्यांच्या वेळांमधील अंतर कमी झाले का ते पाहावे. चालणे काही दिवसांतच बिघडले किंवा एका बाजूचा पाय ओढला जाऊ लागला, तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.