बाटली लावून न जाणारा थकवा: या चुका टाळा

आपल्याकडे खानदेशात बाई आतून दमली की "माले काहीच सुचत नही" एवढंच म्हणते. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल, चल, सलाईनची बाटली लावून येऊ. पहिली चूक इथेच होते.

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. जुलाब-उलट्यांत त्यांचा उपयोग आहेच. पण मनाने रिकाम्या झालेल्या बाईला त्याने बरं वाटतं ते बहुधा तासभर तिला कुणी हाक मारत नाही म्हणून. माझ्या मावशीने दोन उन्हाळे अशाच बाटल्या लावून घेतल्या. तिची झोप उडाली होती, लेकरांवर उगाच ओरडायची आणि मग चुलीशी बसून रडायची. वर्षभर जिची वाट बघायची त्या कानबाईच्या सणाच्या रोटांचं दळण करतानाही तिचं मन लागेना. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून सलतं.

कापूस वेचून आलेलं अंग रात्रीच्या झोपेने बरंचसं हलकं होतं. झोपून उठल्यावरही दिवस डोंगरासारखा वाटत असेल, आवडीचं माणूससुद्धा नकोसं होत असेल, तर तो थकवा वेगळा.

मात्र सगळं मनावर ढकलणं हीही चूकच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट अंगी लागत नाही.

"आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जा, बरं वाटेल" हा सल्ला मायेचा, पण अपुरा. माहेरीही बिबडे (ज्वारीचे पापड)-कुरडयांचा घाट असतोच, आणि परतल्यावर घर जिथल्या तिथे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. म्हणून चार दिवसांच्या सुटीपेक्षा एक काम तिच्याकडून कायमचं काढून घ्या. समजा, सासूबाईंच्या गोळ्यांचं काम. त्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, आणणं, वेळेवर देणं, सगळं दुसऱ्याने करायचं. "सांग, मी आणतो" म्हटलं की लक्षात ठेवण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं.

दोन आठवडे होऊनही उदासी हटत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन उचलतात. "आता जगावंसंच वाटत नाही" असं ती एकदा जरी म्हणाली, तरी दोन आठवडे मोजत बसू नका. तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिच्याने बोलवत नसेल तर फोन तुम्ही लावा.