एआयच्या मदतीने कोड लिहिताना आपले कौशल्य कसे टिकवावे

सोलापुरातल्या टॉवेलच्या एका छोट्या कारखान्याला बिलांचे सॉफ्टवेअर हवे होते, ते काम मी माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या एका मुलाकडे सोपवले. त्याने एआयच्या साहाय्याने ते चार दिवसांत उभे केले आणि ते व्यवस्थित चालूही लागले. पंधरवड्याने कारखान्याच्या हिशेबनिसांचा फोन आला की १,२०५ रुपयांच्या एका बिलात दोन्ही करांत एकेक पैसा कमी पडतो आहे. टॉवेलवर जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा २.५ आणि राज्याचा २.५ टक्के, १,२०५ चे २.५ टक्के होतात ३०.१२५, आणि व्यापारी रीतीने ते ३०.१३ धरले जातात, पण बिलावर ३०.१२ छापले गेले होते. मुलाने ती तक्रार जशीच्या तशी एआयला सांगितली, तेव्हा एआयने पैसे दोन दशांश स्थळांपर्यंत आणण्याआधी रकमेत ०.००५ मिळवणारी एक ओळ सुचवली. ते बिल बरोबर आले. पुढच्याच आठवड्यात १,२०४.८५ रुपयांच्या बिलावर ३०.१२ ऐवजी ३०.१३ आले.

मी त्याला शेजारी बसवून विचारले, की पहिल्या वेळी चूक नेमकी कशामुळे झाली होती? तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, ते मी बघितलंच नाही.”

कारण अवघड नव्हते. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले राउंड हे फंक्शन (म्हणजे तयार आज्ञा) दोन संख्यांच्या बरोबर मध्यावर आलेली किंमत सम अंकाकडे वळवते, म्हणून ३०.१२५ चे ३०.१२ होतात. शिवाय बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत तंतोतंत साठवता येत नाहीत, आणि त्यामुळे २.६७५ चे दोन स्थळांपर्यंत २.६८ न होता २.६७ होतात. पैशांचा हिशेब पायथॉनमधल्या डेसिमल मॉड्यूलने, म्हणजे दशांश आकडे तंतोतंत हाताळणाऱ्या सोयीने, करावा, रक्कम त्याला फ्लोट (द्विमान पद्धतीत साठवलेली अपूर्णांक संख्या) म्हणून न देता मजकुराच्या रूपात द्यावी आणि ‘अर्धा असल्यास वर’ हा नियम स्पष्ट लिहावा, एवढाच त्यावर उपाय आहे. हे त्या मुलाला समजण्यासारखे नव्हते असे मुळीच नाही. ते समजून घेण्याची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

एआयमुळे प्रोग्रॅमिंग येईनासे होते का, या प्रश्नाचे माझे उत्तर या प्रसंगात आहे. कोड लिहिण्याची सवय कमी झाली तर ती आठवड्याभराच्या सरावाने परत येते, पण दोष कुठे आहे हे शोधण्याची सवय आधी सुटते आणि सुटल्याचे आपल्याला कळतही नाही. अँथ्रोपिक या एआय बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी २०२६ मध्ये ५२ प्रोग्रॅमरवर केलेल्या प्रयोगात याच्याशी जुळणारेच दिसले. सर्वांना पायथॉनची एक अनोळखी लायब्ररी (तयार कोडचा संच) शिकून काम करायचे होते. नंतरच्या चाचणीत एआय वापरलेल्या गटाला सरासरी ५० टक्के, तर स्वतः लिहिलेल्या गटाला ६७ टक्के गुण मिळाले, आणि सर्वांत मोठी तफावत दोष शोधण्याच्या प्रश्नांत होती. त्याच प्रयोगात एआयला कोड न मागता समजावून सांगायला लावणाऱ्यांचे गुण चांगले होते, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण पुढे सांगितलेली सारी पद्धत तिच्यावरच उभी आहे.

कामाला बसताना एआयची खिडकी उघडण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय येणार आहे, काय निघायला हवे आणि कोणत्या किमतींना हे बिघडू शकते. बिलाच्या उदाहरणात तिसऱ्या ओळीत १,२०५ ही रक्कम, शून्य रकमेचे बिल आणि परत आलेल्या मालाचे उणे बिल यायला हवे होते. या तीन ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि त्या लिहिता येत नसतील तर प्रश्न अजून आपल्याला समजलेला नाही असे समजून ग्राहकाकडे किंवा शिक्षकांकडे परत जावे. त्यानंतर निदान वीस मिनिटे स्वतः प्रयत्न करावा. तो अर्धवट राहिला तरी चालेल, कारण आपण कुठे अडलो हे माहीत असलेला माणूस एआयला फार नेमका प्रश्न विचारतो.

एरर आली की ती कॉपी करून चिकटवण्याची जी सवय लागते, ती सर्वांत आधी मोडावी. पायथॉनचा एरर संदेश खालून वर वाचायचा असतो: शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची आहे ते असते, तिच्या वर ती कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर झाली ते असते, आणि त्याच्याही वर तिथपर्यंत प्रोग्रॅम कसा पोहोचला याचा माग असतो. तो वाचून “मला वाटते, अमुक व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) इथे रिकामे आहे” असे एक वाक्य वहीत लिहावे आणि त्या ओळीच्या आधी ती किंमत छापून खात्री करावी. अंदाज चुकला तर दुसरा लिहावा. दोन अंदाज चुकल्यावर खुशाल एआयला विचारावे, पण ते दोन्ही अंदाज प्रश्नात सांगून ते का चुकले हेही विचारावे. बिलासारख्या प्रकरणात एरर येतच नाही, फक्त उत्तर चुकते, आणि तिथे ही वही अधिकच उपयोगी पडते. माझ्या वर्गात प्रत्येकाकडे अशी वही असते, आणि कोणाची प्रगती कशी चालली आहे हे मला त्याच्या कोडपेक्षा या वहीवरून लवकर कळते.

एआयने दिलेला कोड घेताना नियम एकच: जी ओळ शेजारच्या माणसाला समजावता येणार नाही, ती आपल्या फाइलमध्ये राहता कामा नये. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, नोंद करण्यापूर्वी बदललेल्या ओळी एकेक वाचाव्यात आणि नोंदीचे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहावे. ०.००५ मिळवणाऱ्या ओळीपुढे “का?” एवढाच प्रश्न कोणी विचारला असता, तर ती ओळ तिथे टिकली नसती.

नमुन्याची माहिती तयार करणे, फॉर्मची एचटीएमएल (वेब पानाची मांडणी सांगणारा मजकूर) लिहिणे, एका साच्यातली फाइल दुसऱ्या साच्यात नेणे अशी कामे निर्धास्तपणे एआयवर सोपवावीत. त्यात घालवलेल्या वेळातून शिकण्यासारखे फारसे उरलेले नसते. मात्र जो शिकायला लागून सहा महिनेही झालेले नाहीत, त्याने कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये आपोआप उमटणाऱ्या सुचवण्या बंदच ठेवाव्यात, कारण अर्धी ओळ लिहिताच पूर्ण ओळ समोर आली तर विचार करण्याची संधीच निघून जाते.

या सगळ्याची गरज अनुभवी माणसाला नाही असे मानू नये. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच कारखान्यांतल्या स्वयंचलनाविषयी लिहून ठेवले आहे, की यंत्र सोपी कामे घेते आणि माणसाकडे नेमका अवघड प्रसंग उरतो, पण तोवर रोजच्या सरावाअभावी त्याचे कौशल्य उतरलेले असते. आपण उतरलो आहोत हे आपले आपल्याला जाणवेल, यावरही विसंबता येत नाही. एमईटीआर या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरकडून २४६ कामे करून घेतली, तेव्हा एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि तरीही काम संपल्यावर आपण २० टक्के लवकर उरकले असेच त्यांना वाटत होते.

म्हणून स्वतःची परीक्षा घेण्याचा दिवस ठरवून घ्यावा. आमच्याकडे तो शनिवार आहे. त्या दिवशी एआय बंद ठेवून प्रत्येक जण महिन्याभरापूर्वीचा आपलाच एक कोड उघडतो, दुसरा कोणी त्यातली एक ओळ गुपचूप बिघडवतो, आणि कोड ज्याचा आहे त्याने बिघडलेली ओळ शोधून तिचे कारण फळ्यावर लिहायचे असते. पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या मुलांकडून तर मी हे आधीचे दोन आठवडे रोज करून घेतो. तो बिलांचा मुलगा पहिल्या शनिवारी दीड तास अडकून राहिला होता. आता त्याच्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांत १,२०५ आणि १,२०४.८५ या दोन रकमा पहिल्या दोन ओळींत आहेत, आणि त्या त्याने स्वतः लिहिल्या आहेत.