पहिल्या पॅराशूट जंपआधी लँडिंग पक्कं करा

कॅडेट मित्रांनो, भीती सगळ्यांना विमानाच्या दाराची वाटते पण खरं सांगू का, पाय मोडतात ते जमिनीवर टेकतानाच, म्हणून लँडिंग फॉलची (टेकताना अंग लोळवत पडण्याची) प्रॅक्टिस कंटाळा येईपर्यंत करा आणि मग अजून करा. स्टॅटिक लाइनच्या (विमानाला अडकवलेल्या पट्ट्याच्या) जंपमध्ये छत्री आपोआप उघडते. बाहेर पडलात की हनुवटी छातीला लावून चारपर्यंत मोजायचं, मग वर बघून छत्री पूर्ण फुललीय का ते चेक करायचं, नसेल तर सरळ रिझर्व्ह (राखीव छत्री) उघडायची.

गोल छत्रीखाली सेकंदाला साधारण ५-६ मीटरने खाली येता. पाय आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर क्षितिजावर. खाली बघितलं की नकळत एक पाय पुढे जातो आणि घोटा गेलाच समजा, कितीही मोह झाला तरी बघू नका. टेकताक्षणी तळव्याचा पुढचा भाग, पोटरी, मांडी, कुल्ला आणि शेवटी पाठीची बाजू अशा क्रमाने अंग लोळू द्यायचं. हात टेकून सावरायला जाऊ नका, मनगट जातं.

वारा असेल तर लगेच उठून छत्रीच्या पलीकडे धावा, म्हणजे ती बसते आणि तुम्हाला फरफटत नेत नाही.